न खर्चायचे नाणे : चिनी मंगलनाण्यांमागील श्रद्धाविचार

नाण्याचे प्रयोजन फिरण्यात असते. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ते ज्या वस्तू आणि सेवा मिळवून देते त्यांवर त्याचे मोल ठरते आणि जे नाणे कोणीच घेत नाही ते केवळ धातूचा तुकडा उरते. असे असताना चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षे नाण्याच्याच आकाराच्या, पण खर्चण्यासाठी नव्हे तर जवळ बाळगण्यासाठी घडवलेल्या वस्तू ओतल्या जात राहिल्या. त्या बाळाच्या गळ्यात बांधल्या गेल्या, नववधूच्या शय्येवर उधळल्या गेल्या आणि घराच्या आढ्याला टांगल्या गेल्या. चिनी परंपरेत त्यांना ‘याशंग छ्येन’ म्हणजे अनिष्टाला दाबून जिंकणारे नाणे, किंवा ‘ह्वा छ्येन’ म्हणजे फुलांचे, नक्षीचे नाणे असे म्हणतात. मराठीत त्यांना मंगलनाणी म्हणता येईल. या नाण्यांकडे नाणकशास्त्राचा एक किरकोळ उपविभाग म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. परंतु त्यांच्यातून उभा राहणारा प्रश्न धर्मविचाराच्या मुळाशी जाणारा आहे : ज्या वस्तूचे सारे सामर्थ्य व्यवहारात आहे, तिला व्यवहारातून काढून घेतल्यावर ती पवित्र का होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी नाण्याचे रूप पाहावे लागते. इ.स.पू. 221मध्ये छिन राज्याने चीन एकछत्री केला आणि मधोमध चौकोनी भोक असलेले गोल नाणे साऱ्या साम्राज्याचे अधिकृत चलन झाले. इ.स.पू. 118मध्ये हान घराण्याच्या सम्राट वू याने सुरू केलेले ‘वूचू’ नाणे सात शतकांहून अधिक काळ चालले, आणि इ.स. 621मध्ये तांग घराण्याने ‘काइयुआन तोंगबाओ’ हे नाणे आणून चार अक्षरांचा जो नमुना रूढ केला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकला. ही नाणी ठोकलेली नसून साच्यात ओतलेली असत, आणि त्यांच्यावर राजाचा चेहरा किंवा देवाची मूर्ती नसे, फक्त अक्षरे असत. प्राचीन चिनी विश्वकल्पनेत आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी मानलेली असल्याने गोल कडा आणि चौकोनी भोक असलेल्या या छोट्या चकतीत आकाश आणि पृथ्वी एकत्र आल्याचे मानले जाऊ लागले. त्या दोहोंच्या मध्ये कोरलेले सम्राटाचे लेखन म्हणजे त्यांना जोडणारी मानवी सत्ता, असाही अर्थ त्यातून सहज निघे. नाण्याला विश्वाची प्रतिमा मानण्याची ही तयारी असल्यामुळेच ते बाजारातून देवघरात जाऊ शकले.

मंगलनाण्यांची सुरुवात हान काळात झाली, आणि तिची पार्श्वभूमी मंगल म्हणावी अशी नव्हती. ‘याशंग’ या संज्ञेत मुळात बळजबरी आहे : मंत्राने, चिन्हाने किंवा विधीने दुसऱ्या शक्तीला दडपून टाकण्याची कृती तिच्यातून सूचित होते. हान सिंहासन बळकावणाऱ्या वांग मांग याने इ.स. 17च्या सुमारास बंडखोर सैन्यांना दडपण्यासाठी सप्तर्षींच्या आकाराची एक धातूची पळी ओतवून घेतली, आणि तो बाहेर पडे तेव्हा ती सोबत नेली जाई. सहा वर्षांनी बंडखोरांनी राजधानीत शिरून त्याला ठार केले. त्याच्याही आधी, इ.स.पू. 91मध्ये, ज्या सम्राट वूने वूचू नाणे चालू केले त्याच्याच दरबारात जादूटोण्याच्या आरोपांची अशी वावटळ उठली की युवराजासह हजारो माणसांना प्राण गमवावे लागले. परक्याचे अहित करण्यासाठी चिन्हांचा वापर होऊ शकतो, ही भीती त्या समाजात खोलवर होती. या पार्श्वभूमीवर हान काळातील मंगलनाण्यांवरचे लेख लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहेत. शस्त्रांपासून रक्षण व्हावे, रोज धन घरी यावे, मुलानातवंडांचे भले व्हावे, दीर्घकाळ एकमेकांचा विसर पडू नये, अशा इच्छा त्यांवर आढळतात. शत्रूला दाबण्याच्या कल्पनेतून निघालेली वस्तू आपल्या माणसांचे रक्षण करण्याकडे, आणि पुढे केवळ शुभ चिंतण्याकडे वळत गेली. सुंग काळानंतर तर मंगलनाण्यांवरील बहुसंख्य लेख आशीर्वादाचे आहेत. चिनी लोकधर्माचा हा नैतिक प्रवास अनेक ग्रंथांपेक्षा या चकत्यांवर अधिक स्पष्ट उमटला आहे.

पण आशीर्वादाला नाण्याचेच रूप का हवे होते? याचा उलगडा ताओ धर्मातील ‘फू’ या संकल्पनेतून होतो. फू म्हणजे आज रक्षणासाठी लिहिलेला मंत्रांकित ताईत. परंतु मूळचा फू ही राज्यकारभारातील वस्तू होती. सेनापतीला मोहिमेवर पाठवताना एका चिन्हाचे, पुष्कळदा कांस्याच्या छोट्या वाघाचे, दोन अर्ध केले जात. एक अर्ध राजाकडे राही, दुसरा सेनापतीकडे जाई, आणि दोन्ही अर्ध जुळल्यावरच सैन्य हलवण्याचा हुकूम खरा मानला जाई. इ.स. 142मध्ये झांग ताओलिंग याला लाओत्सेचे दर्शन घडले असे मानणाऱ्या ‘दिव्य गुरूं’च्या पंथाने ही कल्पना देवलोकाशी जोडली. भूतपिशाच्चे, रोग आणि आपत्ती यांना दैवी कारभाराच्या नियमांत बांधता येते आणि दीक्षित पुरोहिताकडे त्या कारभाराची अर्धी खूण असते, अशी ही श्रद्धा होती. म्हणूनच ताओ मंगलनाण्यांवर मेघगर्जनेच्या देवतांना उद्देशून जे लेख असतात त्यांची भाषा विनवणीची नसते, हुकमाची असते. पिशाच्चांचा नाश करून मनाची शुद्धता राखण्याची आज्ञा देऊन झाल्यावर ‘कायद्यानुसार तातडीने अंमल करावा’ या अर्थाचे शब्द येतात, आणि हे शब्द हान काळातील सरकारी आज्ञापत्रांच्या शेवटी येणाऱ्या वाक्यावरून घेतलेले आहेत. नाणेही राज्याचेच आज्ञापत्र असल्यामुळे देवाच्या आज्ञेला त्याच्याइतका योग्य देह दुसरा मिळणे कठीण होते.

येथे नाणे आणि फू यांच्यातील भेद ध्यानात घ्यावा लागतो, कारण मंगलनाण्याचा सारा अर्थ त्यात दडलेला आहे. नाण्याने केलेली खरेदी पूर्ण झाली की घेणारा आणि देणारा एकमेकांपासून मोकळे होतात. किंमत चुकती करणे म्हणजेच संबंध संपवणे. याउलट फूचा अर्धा तुकडा ज्याच्याजवळ आहे त्याला दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहावी लागते, आणि जोवर दोघेही आपापला भाग जपतात तोवर त्यांच्यातील बांधिलकी जिवंत राहते. मंगलनाण्याने नाण्याचे रूप घेतले पण धर्म फूचा घेतला. ते कोणाला देऊन टाकायचे नसून कोणासाठी तरी सांभाळायचे असते, आणि ज्या क्षणी ते खर्चातून वगळले जाते त्या क्षणी ते संबंध संपवण्याचे साधन न राहता संबंध टिकवण्याचे साधन होते.

चिनी कुटुंबजीवनातील मंगलनाण्यांचे वापर पाहिले की या विधानाला आधार मिळतो. दक्षिण सुंग काळातील होंग झुन याने 1149मध्ये लिहिलेल्या ‘छ्युआन झी’ या नाणकग्रंथात याशंग नाण्यांना स्वतंत्र वर्ग दिलेला आहे, आणि आठव्या शतकाच्या प्रारंभी तांग राजकन्येच्या विवाहात शय्येवर उधळण्यासाठी मुद्दाम ओतलेल्या नाण्यांची नोंदही तेथे आहे. त्यांवर दीर्घायुष्य आणि वैभव टिकून राहावे अशी इच्छा कोरलेली होती. पाहुण्यांनी वेचलेले हे नाणे त्यांच्याही घरी जाई, आणि दोन कुटुंबांच्या सोयरिकीची खूण अनेक घरांत पसरे. नववर्षाच्या रात्री वडीलधारी माणसे लाल दोऱ्यात ओवलेली नाणी मुलांना देत किंवा त्यांच्या अंथरुणाशी ठेवत, जेणेकरून सरत्या वर्षाचे अनिष्ट दबून राहावे. आजच्या लाल पाकिटांमागे हीच प्रथा आहे. दुबळ्या बाळासाठी आईवडील अनेक घरांतून थोडी थोडी नाणी मागून आणत आणि त्यांतून ‘शंभर घरांचे कुलूप’ करून बाळाच्या गळ्यात घालत. मृत्यूला बाळ ओढून नेता येऊ नये म्हणून त्याला आयुष्याशी कुलूपबंद करण्याची ही कल्पना आहे, परंतु तिचा गाभा कुलपापेक्षा शंभर घरांत आहे : ज्या बाळामागे शंभर घरांची सदिच्छा उभी आहे त्याला एकटे मानता येत नाही. तलवारीच्या आकारात बांधलेली जुन्या नाण्यांची माळ भिंतीला टांगण्याच्या प्रथेतही, ज्या सम्राटांच्या नावाने ती नाणी ओतली गेली त्यांच्या राज्यसत्तेला घराच्या रक्षणासाठी बोलावण्याचा भाव होता.

मंगलनाण्यांचा धातूही विचारात घेण्यासारखा आहे. प्रारंभीची चिनी नाणी कांस्याची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची असत. सोळाव्या शतकात, मिंग सम्राट जियाजिंग याच्या काळात, नाण्यांसाठी जस्त मिसळलेले पितळ वापरले जाऊ लागले, आणि चिंग काळातील बहुतेक मंगलनाणी पितळेचीच आहेत. सोन्याची किंवा जेडची पवित्र वस्तू तिच्या मोलामुळे आदर मिळवते. पितळेच्या नाण्याला तो मार्ग उपलब्ध नव्हता. खासगी ओतारी ही नाणी सहज तयार करत, आणि साधे घरही ती घेऊ शके. त्यामुळे त्यांचे पावित्र्य द्रव्यमूल्यावर उभे नव्हते, त्यांवर कोरलेल्या शब्दावर आणि ती बाळगणाऱ्याच्या निष्ठेवर उभे होते.

शब्दाइतकेच चित्रही महत्त्वाचे होते, आणि ते शब्दाशी नाते जोडूनच येई. चिनी भाषेत सुख आणि वटवाघूळ, विपुलता आणि मासा, पगार म्हणजे राजसेवेचा मानमरातब आणि हरीण या जोड्यांचा उच्चार एकसारखा असल्याने वटवाघूळ, मासा आणि हरीण नाण्यांवर मुक्तपणे संचार करतात. अशिक्षित माणसालाही वाचता येईल असा हा आशीर्वादाचा लेख होता. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे उन्हाळ्यातील रोगराईच्या तोंडावर, वापरायच्या नाण्यांवर साप, विंचू, गोम, बेडूक अशा पाच विषारी प्राण्यांची मालिका येते आणि त्यांच्याशी झुंजणारा झांग ताओलिंग किंवा पिशाच्चनाशक झोंग क्वेइ उभा दिसतो. विषालाच चित्रात आणून त्याला नियमाच्या चौकटीत बसवणे, म्हणजे अनामिक भीतीला नाव देणे, ही या नाण्यांची आणखी एक रीत आहे.

याच चकत्यांवर चीनच्या तिन्ही शिकवणी, म्हणजे कन्फ्यूशियसची, ताओची आणि बुद्धाची, एकमेकींना न ढकलता शेजारी बसतात. दहाव्या शतकातील दोऊ युजुन याचे पाचही मुलगे राजसेवेच्या परीक्षांत उत्तीर्ण झाले, म्हणून ‘पाच पुत्रांचे परीक्षायश’ हा लेख असंख्य नाण्यांवर आला. तेथे धनापेक्षा अध्ययनाची आणि पित्याने दिलेल्या शिस्तीची प्रतिष्ठा आहे. बौद्ध नाण्यांवर अमिताभाचे नाव किंवा ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा षडक्षरी मंत्र चिनी अक्षरांत कोरलेला सापडतो, आणि भारतात उगम पावलेले हे मंत्राक्षर सम्राटाच्या नावासाठी राखलेल्या जागी बसलेले दिसते. ताओ परंपरेत तीन पायांच्या बेडकाला नाण्यांच्या माळेने खेळवणारा ल्यू हाय सर्वांत लोकप्रिय आहे, आणि त्याची कथा या विषयावर विशेष प्रकाश टाकते. तो एका राज्याचा मंत्री होता. एका ताओ साधूने त्याच्यासमोर नाणी आणि अंडी आळीपाळीने एकमेकांवर रचून दाखवली, तेव्हा ल्यू हायने हे किती धोक्याचे आहे असे म्हटले, आणि तुमचे मंत्रिपद याहून धोक्याचे आहे, असे उत्तर मिळताच त्याने सत्तेचा त्याग केला. संपत्ती मिळावी म्हणून ज्याचे चित्र लोक घरात लावत तो पुरुष संपत्तीचा त्याग करणारा होता. या विरोधाभासात लोकधर्माचे शहाणपण आहे : धन हवे, पण ज्याला त्याची माळ सैल सोडता येते त्याच्याच हाती ते शोभते.

या विचाराचा सर्वांत कसोटीचा प्रसंग इ.स. 955मध्ये आला. उत्तरकालीन झोऊ राज्याचा सम्राट शिझोंग याला तांब्याची तीव्र टंचाई जाणवत होती, म्हणून त्याने असंख्य बौद्ध विहार बंद केले आणि मूर्ती व तांब्याची भांडी वितळवून ‘झोऊयुआन तोंगबाओ’ ही नाणी ओतण्याचा हुकूम दिला. दरबारातील चिंतेला त्याने जे उत्तर दिल्याची नोंद आहे त्याचा आशय असा की बुद्धाने जगाला सन्मार्ग दाखवला, सन्मार्गाने चालणे हीच बुद्धाची सेवा आहे, तांब्याची मूर्ती म्हणजे बुद्ध नव्हे, आणि जो परोपकारासाठी स्वतःचे शरीरही देण्यास तयार होता तो लोकांच्या उपयोगासाठी आपल्या प्रतिमा देण्यास का कचरेल. हे उत्तर केवळ राजकीय सोयीचे नव्हते. मूर्ती आणि तत्त्व यांतील भेद त्यात प्रामाणिकपणे मांडलेला आहे. परंतु लोकांनी त्या नाण्यांचे जे केले ते सम्राटाच्या अपेक्षेपलीकडचे होते. बुद्धाच्या देहातून ओतलेली ही नाणी रोगनिवारक मानली गेली, अडलेल्या बाळंतिणीच्या हाती दिली गेली, आणि पुढील शतकांत मागच्या बाजूला ड्रॅगन आणि फीनिक्स असलेली त्यांची असंख्य मंगल अनुकरणे निघाली. ज्या राजाने मूर्तीला चलन केले, त्याच्या चलनाला लोकांनी पुन्हा मूर्ती केले.

याला निव्वळ भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण अपुरे आहे. शिझोंगचा तर्क असा होता की परोपकार हाच बुद्धाचा खरा देह आहे. लोकांनी तो तर्क नाकारला नाही, उलट तो शब्दशः स्वीकारला, आणि बुद्धाचा देह जर सर्वांच्या हाती पोहोचला असेल तर प्रसूतीच्या वेदनेतही तो सोबत असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. हीच भावना सात शतकांनंतर परतली. 1713मध्ये सम्राट कांगशीच्या साठाव्या वाढदिवसाच्या वेळी एका अक्षरातील एक रेघ गाळलेली नाणी निघाली, आणि ती अर्हतांच्या मूर्ती वितळवून ओतली आहेत, अशी समजूत पसरली. ‘लुओहान नाणी’ म्हणजे अर्हतांची नाणी या नावाने ती प्रेमाची आणि विवाहाची खूण झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शांघायच्या संगीतनाट्यातही या नाण्याला कथेच्या केंद्रस्थानी स्थान मिळाले.

या श्रद्धेवर चिनी विचारवंतांनी टीका केली नाही असे नाही. इ.स.च्या पहिल्या शतकात वांग चोंग याने आपल्या ‘लुनहंग’ या ग्रंथात भुतेखेते, शकुन आणि निषिद्ध दिवस यांच्याविषयीच्या समजुती कठोर तर्काने तपासल्या. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लू बाओ याने ‘धनदेवतेवरील निबंधा’त नाण्याच्या आकाशपृथ्वीसारख्या रूपाचाच आधार घेऊन समाज त्याला कसा देव मानतो आणि गुणांपेक्षा पैशाला कसे नमन करतो यावर प्रहार केला. ही टीका आजही खरी आहे, पण तिचा रोख फिरणाऱ्या नाण्यावर आहे. ज्याला सारे विकत घेता येते त्या नाण्याच्या पूजेवर ती आहे. मंगलनाण्याला लागू पडणारा विचार याहून जुन्या तत्त्वज्ञाकडे, इ.स.पू. तिसऱ्या शतकातील श्युन्झीकडे आहे. पावसासाठी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, तर तो प्रार्थनेविनाही पडलाच असता, असे तो म्हणतो. तरीही त्याने विधी सोडून देण्यास सांगितले नाही. विवेकी माणूस विधीकडे संस्कृती म्हणून पाहतो आणि सामान्य लोक देवत्व म्हणून, असा भेद करून त्याने विधीला माणसाच्या काळजीला मिळालेले रूप मानले.

श्युन्झीचे हे विवेचन गहन आहे, पण मंगलनाण्यांच्या इतिहासासमोर त्यात एक भर घालावी लागते. तापाने फणफणलेल्या बाळाच्या गळ्यात नाणे बांधणारी आई संस्कृती जपत नसते आणि देवाशी सौदाही करत नसते. आपण या बाळाला सोडणार नाही, अशी प्रतिज्ञा ती एका चिन्हावर नोंदवत असते. संस्कृती आणि देवत्व या दोहोंच्या मध्ये प्रतिज्ञेची ही जागा आहे, आणि मंगलनाणे तिथेच उभे आहे. म्हणूनच त्याची परिणामकारकता रोग बरा झाला की नाही एवढ्यावर मोजता येत नाही. ज्याच्यासाठी ते ओवले गेले त्याच्याशी असलेले नाते ते धरून ठेवते की नाही, हीच त्याची खरी कसोटी आहे.

ही कल्पना चीनपुरती राहिली नाही. कोरिया, जपान आणि व्हिएतनाम यांनी आपापली मंगलनाणी घडवली, आणि बालीच्या हिंदू समाजात भोक असलेली चिनी पद्धतीची नाणी आजही पूजेच्या आणि अंत्यविधीच्या सामग्रीत लागतात, जिथे त्यांचा बाजारातील उपयोग केव्हाच संपलेला आहे. खुद्द चीनमध्ये 1966पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या चालीरीतींविरुद्धच्या मोहिमेने या वस्तूंवर अवकळा आणली, आणि त्यानंतरच्या दशकांत त्यांच्या प्रतिकृती ‘फेंगशुई’च्या नावाने जगभरच्या दुकानांत पसरल्या. लाल दोऱ्यात बांधलेली तीन नाणी तिजोरीत ठेवली की पैसा आपोआप खेचला जातो, असे सांगून ती विकली जातात. यातील आक्षेपार्ह गोष्ट श्रद्धा ही नसून सौदा ही आहे. कोणासाठी, कोणाशी बांधून घेण्यासाठी, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही, आणि जे नाणे व्यवहारातून बाहेर काढल्यामुळे पवित्र झाले होते ते पुन्हा व्यवहाराचे हत्यार होते.

मंगलनाण्यांचा धर्मविचार म्हणूनच धनाच्या पूजेचा नाही. त्याने पैशाविषयी एक कठीण गोष्ट सांगितली, जी पैशाने भरलेल्या कोणत्याही काळात पुन्हा शिकावी लागते : ज्या चिन्हावर अनोळखी माणसे केवळ राजाच्या शब्दाखातर विश्वास ठेवतात, त्याच चिन्हावर आपली माणसे एकमेकांखातर विश्वास ठेवू शकतात, आणि हा दुसरा विश्वास पहिल्याहून अधिक काळ टिकतो. राजवंश लयाला गेले, त्यांची चलने रद्द झाली, तरी वर्षाच्या पहिल्या रात्री मुलांच्या हाती काही तरी ठेवण्याची रीत राहिली. नाण्याची किंमत राज्य ठरवते, पण ते कधी खर्चायचे नाही हे माणूस ठरवतो, आणि श्रद्धेची सुरुवात या दुसऱ्या निर्णयापासून होते.